अँकर फास्टनर पुन्हा पुन्हा सैल पडतोय? बोल्ट बदलण्याआधी भोक तपासा

नट आवळायला घ्यावा तर नटाबरोबर बोल्टही गोल फिरतो. किंवा नट आवळला जातो, पण दर फेऱ्याला बोल्ट थोडा थोडा बाहेर सरकतो आणि शेवटी हातात येतो. कधी बसवताना सगळं घट्ट असतं आणि चार महिन्यांनी एसीचा स्टँड हलवला की हलतो. कधी बोल्ट अर्ध्यावरच अडतो, पोरं घणाने ठोकत बसतात आणि वरचे आटे चेपतात. कॉलमच्या कडेला आवळताना कोपऱ्याचा टवका उडतो. आणि आमच्या कोकणात हमखास दिसणारं लक्षण म्हणजे एकाच पावसाळ्यात नटावर तांबूस गंज आणि खाली भिंतीवर त्याचे ओघळ.

यातलं काहीही होत असेल तर पुढचं वाचा. मी रत्नागिरी जिल्ह्यात फॅब्रिकेशन करतो. ग्रिल, गेट, एसी स्टँड, पत्र्याच्या शेड, पंपाचे बेस, सगळं शेवटी अँकर फास्टनरवरच, म्हणजे भोकात फाकून धरणाऱ्या बोल्टवरच, उभं राहतं. दुरुस्तीला बोलावतात तेव्हा बहुतेक ठिकाणी आधी कुणीतरी दोनदा बोल्ट बदलून गेलेलं असतं. बोल्ट सहसा चांगलाच असतो. चूक भोकात असते, नाहीतर ते भोक ज्या वस्तूत मारलंय तिच्यात.

वेज अँकर हा या फास्टनरचाच एक प्रकार. तो धरतो कसा हे एकदा डोळ्यांसमोर आणा, मग पुढची प्रत्येक तपासणी आपोआप कळेल. बोल्टच्या खालच्या टोकाला सुळका असतो, खाली जाड आणि वर निमुळता. त्याच्याभोवती पत्र्याची एक चिरलेली क्लिप असते. बोल्ट ठोकून आत घातला की क्लिप भोकाच्या भिंतीला अडकून बसते. नट आवळला की बोल्ट किंचित वर ओढला जातो, सुळका क्लिपमध्ये घुसतो, क्लिप फाकते आणि भोकाच्या भिंतीवर दाबून बसते. एवढाच खेळ आहे. क्लिपला अडकायला कडक, नेमक्या मापाची आणि स्वच्छ भिंत मिळाली नाही तर बोल्ट कितीही भारी असला तरी नुसता फिरत राहणार.

आधी धुळीचा रंग बघा

याला एक रुपया खर्च नाही. भोकातून काय बाहेर येतंय ते हातावर घ्या. काँक्रीटची धूळ राखाडी, बारीक आणि बोटांत चोळली की खरखरीत लागते. लाल धूळ आली तर ती वीट किंवा चिरा, म्हणजे जांभा दगड. पांढरी, पिठासारखी मऊ धूळ आली आणि ड्रिलचं बिट लोण्यात जावं तसं आत गेलं तर तो हलका एएसी ब्लॉक. पुण्या-मुंबईच्या नव्या इमारतींत आतल्या भिंती बहुतेक त्याच्याच असतात. एक मात्र लक्षात ठेवा, पहिले १५-२० मिलिमीटर गिलाव्याचे असतात आणि गिलावाही राखाडीच असतो. म्हणून गिलावा संपल्यानंतरची धूळ बघायची.

समुद्राजवळच्या एका घरात एसीचा बाहेरचा युनिट एका बाजूला झुकला होता. स्टँडचे वरचे दोन बोल्ट दगडासारखे घट्ट, खालचे दोन हाताने फिरत होते. मालक म्हणाले, "तिसऱ्यांदा बदलतोय, फास्टनरच डुप्लिकेट येतात." मी खालचा बोल्ट काढला आणि भोकात पातळ तार फिरवली. बाहेर आली ती ओली, लाल चिऱ्याची माती. वरचे दोन बोल्ट बीममध्ये होते आणि खालचे दोन बीमखालच्या चिऱ्यात. बाहेरून सगळीकडे सारखाच गिलावा आणि सारखाच रंग, त्यामुळे फरक दिसत नव्हता. स्टँडची पट्टी बदलून चारही बोल्ट बीममध्ये घेतले, विषय संपला.

कोकणात आणि गोव्यात कॉलम-बीम काँक्रीटचे आणि मधली भिंत चिऱ्याची, अशी घरं गल्लोगल्ली आहेत. चिऱ्यात, विटेत आणि एएसी ब्लॉकमध्ये वेज अँकर लावू नका. क्लिप फाकते तेव्हा ती भिंतीला चुरडत जाते, धरत नाही. तिथे भिंतीतून आरपार बोल्ट घालून मागे मोठी प्लेट लावणं हा मला सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो. मागे जागा नसेल तर त्या भिंतीसाठी चालणारा केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट, पण तो लावण्याआधी पुढचं सगळं वाचा.

पाकिटावरचं माप आणि बिटवरचं माप

फिरणाऱ्या बोल्टचं दुसरं सर्वांत मोठं कारण हे आहे आणि ते दुकानाच्या काउंटरवरच सुरू होतं.

वेज अँकरला भोक बोल्टच्याच मापाचं लागतं. एम १० म्हणजे १० मिलिमीटर जाडीचा बोल्ट, त्याला १० मिलिमीटरचं बिट, एम १२ ला १२ चं. पण आपल्याकडे जो जुना, बाहेरून नळी असलेला फास्टनर जास्त विकला जातो, त्याला नळीच्या जाडीएवढं भोक लागतं, म्हणजे बोल्टपेक्षा मोठं. कारागिराच्या हाताला त्याचीच सवय असते. १० च्या बोल्टला १२ चं बिट लावायचं हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मालकाने चांगलं म्हणून वेज अँकर आणून दिला तरी तो १२ चंच भोक मारतो, आणि क्लिपला भिंत लागतच नाही.

त्यात आपलं सूत. चार सूत म्हणजे अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. "चार सुताचं बिट द्या" म्हटलं की कुणी १२ चं देतो, कुणी १३ चं. एम १२ च्या वेज अँकरला १३ चं भोक चालत नाही. तीन सूत आणि १० मिलिमीटर यांतही तेच. तीन सूत ९.५ भरतं, पण दुकानात दोन्ही एकच समजून दिलं जातं. म्हणून वेज अँकर घ्याल तेव्हा सुतात बोलू नका. मिलिमीटरचा बोल्ट आणि त्याच मिलिमीटरचं बिट, दोन्ही एकाच वेळी घ्या आणि बिटच्या दांड्यावर कोरलेला आकडा स्वतः वाचा.

बिट झिजलेलं असेल तर उलटी तक्रार येते. भोक अरुंद होतं, बोल्ट अर्ध्यावर अडतो, ठोकून ठोकून आटे मरतात. नव्या बिटचं टोक नावाच्या मापापेक्षा थोडं मोठंच असतं, १२ चं बिट साधारण साडेबारापर्यंत कापतं, आणि बोल्ट बसायला तेवढी मोकळीक लागतेच. टोकावर कॅलिपर लावा. १२ च्या आसपास किंवा खाली उतरलं असेल तर ते बिट बाजूला ठेवा. आणि वाकलेल्या बिटने, किंवा हात डुलवत मारलेलं भोक तोंडाशी रुंद होतं. शिडीवर उभं राहून एका हाताने मशीन धरलं की हमखास हेच होतं.

लांबी मोजा, गिलावा वजा करा

एक साधं गणित कागदावर करून बघा. एम १० चा ७५ मिलिमीटर लांबीचा बोल्ट घेतला. नट ८, वॉशर २, नटाबाहेर आटे ४, स्टँडची पट्टी ६, बाहेरचा गिलावा २०. झाले ४०. काँक्रीटमध्ये उरला ३५. एम १० च्या वेज अँकरला कंपनीनुसार साधारण ५० ते ६० मिलिमीटर तरी काँक्रीटच्या आत पाहिजे. म्हणजे घट्ट बसलाय असं वाटणारा हा बोल्ट निम्म्याच ताकदीला काम करतोय, आणि क्लिप काँक्रीटच्या अगदी वरच्या थरात फाकतेय.

गिलाव्याला धरणारी जागा समजू नका. तो पट्टीचाच भाग धरा. बाहेरच्या भिंतीवर एम १० साठी मी १०० किंवा १२० लांबीचाच बोल्ट घेतो. पाच-दहा रुपये वाचवायला लांबी कमी केली की तीच जागा वर्षभराने पुन्हा उघडावी लागते. जिथे गिलावा ठोकल्यावर पोकळ, बद्द आवाज देतो तिथे तर तो आधी फोडून काढा आणि प्लेट थेट काँक्रीटवर टेकवा. नाहीतर नट आवळताना गिलावा चुरडतो, प्लेट आत जाते आणि दोन महिन्यांनी नट मोकळा.

खोली आणि सफाई

बोल्ट जेवढा आत जाणार त्यापेक्षा भोक निदान १० मिलिमीटर जास्त खोल मारा. तळाशी धूळ साठते, तिला जागा लागते. भोक आखूड पडलं की बोल्ट धुळीच्या गादीवर बसतो, पुढे जात नाही, आणि कारागीर घण उचलतो.

मग सफाई. फुंकणी, नळी, हातपंप, काहीही चालेल, पण तळापासून फुंका, मग नळीचा ब्रश फिरवा, पुन्हा फुंका. तोंडाने फुंकू नका. काँक्रीटची धूळ फुप्फुसात बसते आणि डोळ्यात गेली तर चष्म्याशिवाय काम करणारा दिवसभर रडतो. बोल्ट धरतो तो घासणीवर, आणि धूळ म्हणजे क्लिप आणि भिंत यांच्यामध्ये पसरलेली पावडर. हे काम एका भोकाला अर्धं मिनिट घेतं आणि साइटवर सर्वांत जास्त टाळलं जातं.

ठोकण्याआधी नट वरच्या टोकाशी सपाट येईल इतका फिरवून ठेवा. मग हातोडीचा मार नटावर जातो, आट्यांवर नाही.

आवळण्याची पद्धत

हाताने घट्ट झाल्यावर पान्याने तीन ते पाच फेऱ्यांत नट धरला पाहिजे. तेवढ्यात धरला नाही तर भोकात दोष आहे. अजून दहा फेरे देऊन काही होत नाही, थांबा.

उलट चूकही तितकीच महाग पडते. पान्याला पाइप अडकवून जोर लावला की बोल्ट मानेशी बारीक होतो किंवा काँक्रीट फुटतं. एम १० ला कंपन्या साधारण ३० ते ५० न्यूटन-मीटर सांगतात, नेमका आकडा पाकिटावर असतो. ४५ म्हणजे किती? २० सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकावर साधारण २३ किलोचा जोर. एका हाताने नेटाने ओढलं की झालं. इम्पॅक्ट मशीनने वेज अँकर आवळू नका, त्याला कुठे थांबायचं कळत नाही. गेट किंवा शेडचं काम नेहमी करत असाल तर टॉर्क पाना घ्याच.

आणखी एक गोष्ट. आवळल्यानंतर पुढच्या काही दिवसांत बोल्टमधला ताण आपोआप कमी होतो, कधी कधी निम्म्यापर्यंत. काँक्रीट क्लिपखाली थोडं दबतं म्हणून हे होतं. आठवड्याने पाना लावला आणि नट किंचित हलून परत धरला तर घाबरू नका. दर महिन्याला पुन्हा पुन्हा आवळत राहिलात तर मात्र सुळका हळूहळू क्लिपमधून ओढून काढाल.

कड आणि दोन बोल्टांतलं अंतर

टवका उडण्याचं कारण जवळजवळ नेहमी हेच. बोल्ट ओढला की काँक्रीट सुळक्याच्या आकारात, खालून वर रुंद होत, फुटायला बघतं. त्या सुळक्याला पूर्ण जागा मिळायची तर बोल्ट कडेपासून निदान आतल्या खोलीच्या दीडपट दूर हवा आणि दोन बोल्टांत खोलीच्या तिप्पट अंतर हवं. खोली ६० असेल तर कडेपासून ९० आणि बोल्टांत १८० मिलिमीटर. यापेक्षा जवळ लावता येतो, पण मग ताकद कमी धरायची, आणि ती किती कमी ते कंपनीच्या तक्त्यात बघायचं. कॉलमच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर गेटचा बिजागर लावायची सवय सोडा.

भोक मारताना मशीन अचानक उडायला लागलं, पुढे जाईना आणि धुळीत लोखंडाचा चकाकणारा कीस दिसला तर सळई लागली. ती कापू नका. ती सळई इमारतीची आहे, आपली नाही. भोक सोडून द्या, त्यात न आकसणारा ग्राउट, म्हणजे भोक भरायचा मसाला, भरा आणि नवं भोक सोडलेल्या भोकाच्या खोलीच्या दुप्पट अंतरावर घ्या. फिरणाऱ्या बोल्टचंही तेच. वेज अँकर एकदा फाकला की नीट बाहेर येत नाही. कटरने कापा, उरलेला आत ठोका, जागा बदला. त्याच भोकात तार, काडी, एम-सील, खिळा भरून बोल्ट घट्ट करणं ही दुरुस्ती नाही. खालून जाणाऱ्या माणसाच्या डोक्याशी केलेला तो धोका आहे, आणि मी असे स्टँड खाली आलेले पाहिलेत.

जस्त किती आहे ते बघा

चकचकीत पांढरा किंवा पिवळसर बोल्ट म्हणजे इलेक्ट्रोप्लेटिंग, बहुतेक वेळा त्यावर ५ मायक्रॉनच्या आसपास जस्त असतं. हा घराच्या आत, कोरड्या जागी ठीक. राखाडी, मळकट, थोडा खडबडीत बोल्ट म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेला, त्यावर ४५ मायक्रॉन किंवा जास्त. पावसात राहणाऱ्या कामाला हाच घ्या. "गॅल्व्हनाइज्ड द्या" एवढंच सांगितलं तर दुकानदार चकचकीतच देईल, "हॉट डिप" असा शब्द वापरा. हॉट डिप बोल्टचा नट जस्ताच्या थरामुळे थोडा मोठ्या आट्यांचा असतो. तो हरवला तर साधा नट जाणार नाही. जोर लावून चढवू नका, आट्यांवरचं जस्त सोलून निघतं.

समुद्राच्या वाऱ्यात मात्र हॉट डिपही फार वर्षं टिकत नाही. किनाऱ्यालगत मी स्टेनलेसचा ३१६ ग्रेडच सांगतो. ३०४ वरही खाऱ्या हवेत डाग धरतात. महाग आहे, खरं आहे. पण गंज बाहेर दिसतो तेवढाच नसतो. नटाखाली आणि भोकाच्या तोंडाशी, जिथे पाणी मुरून राहतं, तिथे बोल्ट आधी खातो. ओघळ दिसला की नट सोडून ती जागा बघा. आणि स्टेनलेसचा नट जस्ताच्या बोल्टला लावू नका, दोन वेगळे धातू ओले राहिले की जस्त आधी जातं.

सगळं बरोबर असूनही सैल पडत असेल तर

मग काँक्रीटला चीर असेल किंवा हादरे बसत असतील. स्लॅबच्या खालच्या बाजूला, मधोमध, काँक्रीट ताणात असतं आणि तिथे केसासारख्या चिरा पडणं नेहमीचं आहे. चीर भोकातून गेली की भोक उघडतं आणि साधी क्लिप सैल होते. चिरा पडलेल्या काँक्रीटसाठी तपासलेले अँकर वेगळे मिळतात. युरोपीय मंजुरीच्या कागदावर त्यांना ऑप्शन १ लिहिलेलं असतं, ऑप्शन ७ म्हणजे फक्त चिरा नसलेल्या काँक्रीटसाठी. पंप, जनरेटर, रोलिंग शटर अशा हादऱ्याच्या जागी साधा वेज अँकर मी लावत नाही. नवीन स्लॅब असेल तर २८ दिवस होऊ द्या. आणि काँक्रीटची जाडी आतल्या खोलीच्या निदान दुप्पट हवी, १०० मिलिमीटरच्या आत तर नकोच.

इथे थांबा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा

डोक्यावर लटकणारं कुठलंही वजन. झोपाळा सर्वांत आधी. जुन्या घरांत स्लॅब टाकतानाच सळईला बांधून कड्या सोडत, त्याला कारण होतं. झोपाळ्याचा ओढा प्रत्येक झोक्याला दिशा बदलतो आणि त्यावर लहान मुलं बसतात. स्लॅबला चार वेज अँकर मारून झोपाळा टांगायला सांगितलं तर मी नाही म्हणतो, तुम्हीही म्हणा.

"मग केमिकल लावू" हे उत्तरही वर टांगताना आपल्या मनाने देऊ नका. १० जुलै २००६ ला बोस्टनमधल्या बोगद्याच्या छताचे पॅनेल कोसळून एक बाई गाडीत दगावली. बोल्ट चिकटवणारं इपॉक्सी सततच्या वजनाखाली हळूहळू ताणत गेलं होतं. २ डिसेंबर २०१२ ला जपानच्या सासागो बोगद्यात छताचे पॅनेल पडले, ९ माणसं गेली, तिथेही केमिकल अँकरच निसटले होते. दोन्ही कामं इंजिनिअरांच्या देखरेखीखाली झालेली होती.

गॅलरीचं रेलिंग, जिथे माणूस टेकून उभा राहतो. गच्चीवरच्या टाकीचा स्टँड, होर्डिंग, मोठं सरकतं गेट, वाऱ्यात उभे राहणारे सोलर पॅनेल. जुन्या इमारतीत जिथे सळई फुगून काँक्रीट सुटायला लागलंय. मॉल किंवा पार्किंगचे ताणलेल्या केबलचे स्लॅब, तिथे तर एकही भोक विचारल्याशिवाय नाही, आतली केबल तुटली तर अपघात जागेवरच होतो. आणि स्लॅबमध्ये वायरिंगचा पाइप कुठून गेलाय हे माहीत नसेल तर आधी इलेक्ट्रिशियन आणि मेन स्विच बंद.

इंजिनिअरला फोन करताना हाताशी एवढं ठेवा: बोल्टचं पाकीट, भोकाचं माप आणि खोली, गिलाव्याची जाडी, कडेपासूनचं अंतर, आणि बाहेर आलेल्या धुळीचा कागदावर ठेवून काढलेला फोटो. गरज वाटली तर तो हायड्रॉलिक जॅक लावून बोल्ट ओढून बघायला सांगेल. तो होईपर्यंत स्टँडखालून कुणाला जाऊ देऊ नका, आणि शक्य असेल तर वजन उतरवून ठेवा.